मागच्या वेळी आलेले मिस्त्री

सकाळी सव्वानऊला मोबाईल ‘टोक्’ असा वाजला आणि माझ्या हातातलं तीळ लावलेलं पावाचं कडं कॉफीत पडलं. आवाजाला मी दचकलो नव्हतो. गेले सात महिने तो आवाज दिवसातून दोनतीनदा येतोच. कुणीतरी लाकडी दारावर एकाच बोटाने एकदाच टकटक करावी आणि मग बाहेर गप्प उभं राहावं, तसा आवाज. गिऱ्हाइकांच्या चौकशा विकणारी एक कंपनी आहे. शहरात कुणाला वायरमन हवा असला की त्याची चौकशी माझ्या मोबाईलवर येते. आधी नुसतं काम आणि वस्ती दिसते. नऊ युरो कापून घेतले की मग नाव आणि नंबर उघडतो. तीच चौकशी आणखी तिघांना विकलेली असते. हे सगळं मला आता पाठ आहे. दचकलो तो मजकुराला. ‘टुंबा, तिसरा मजला. नळाला हात लावला की मुंग्या येतात. मागच्या वेळी आलेले मिस्त्री यावेत.’

असं कुणी लिहीत नाही. लोक लिहितात: स्वस्तात हवं, आज हवं, आधी भाव सांगा. ज्याला मागच्या वेळचा माणूस हवा असतो त्याच्याकडे त्या माणसाचा नंबर असतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे असतो. चार अनोळखी वायरमनांना विकल्या जाणाऱ्या कागदावर हे लिहिणं म्हणजे भर चौकात उभं राहून ‘माझा भाऊ कुठे आहे’ म्हणून हाक मारण्यासारखं आहे. मी मोबाईल उपडा ठेवला. मग सुलटा केला. अंगठा आपणहून पुढे गेला आणि नऊ युरो कापले गेले. नाव उघडलं: एव्दोकिया. नाव ओळखीचं नव्हतं. तरी पायाखालचं काहीतरी निसटलं. जिन्यात दिवा गेल्यावर एक पायरी कमी आहे असं वाटून पाय हवेत जातो, तसं.

किरियाकोसचं वायरी-बटणांचं दुकान होतं तोवर मला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. बाई बल्ब घ्यायला आली की तो गल्ल्यामागून ओरडायचा, “अनेस्तिसला बोलवा, माझं नाव सांगा, घरचा माणूस आहे!” माणसं त्याच्या तोंडातून माझ्याकडे येत. मग किरियाकोस वारला, आणि त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दोन हिवाळे मी रिकामा बसलो. माझी मुलगी देस्पिना म्हणाली, “बाबा, लोक आता दुकानदाराला विचारत नाहीत, मोबाईलला विचारतात,” आणि तिने माझं नाव घातलं, हसरा फोटो घातला. टपरीवाला थ्रासोस आमच्या कॉफीच्या अड्ड्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, “अनेस्तिस, लेका, तीस वर्षं लोक तुला फुकट सापडले, आता विकत घेतोस? उद्या खोकलासुद्धा विकत आणशील.” सगळे हसले, मीही हसलो. पण सात महिन्यांत एक्केचाळीस चौकशा घेतल्या आणि सहा कामं मिळाली, हे मी कुणाला सांगितलं नाही. बाकीच्या पस्तीस जणांचं काय झालं, या विचाराने मी रात्रंदिवस अस्वस्थ असे. नंबर लावावा तर वाजत राहायचा. कधी उचलला जायचा आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा सांगितलेल्या पत्त्यावर गेलो तर त्या क्रमांकाची इमारतच नव्हती. दोन इमारतींच्या मधल्या फटीत एक मांजर बसलं होतं, आणि माझ्यासारखाच दुसरा एक वायरमन पेटी घेऊन त्या मांजराकडे बघत उभा होता. मी कंपनीला फोन केला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “काका, गिऱ्हाईक खरंच होतं. त्यांचं मन बदललं असेल.” “अगं, पण माणसं आहेत ना ही?” मी विचारलं. ती तेच वाक्य त्याच गोड आवाजात पुन्हा म्हणाली.

माझी नात मिर्सिनी आठ वर्षांची आहे. तिला मी सगळं समजावून सांगतो, कारण मुलं विचारतात ते खरंच कळून घ्यायला विचारतात. अर्थिंग म्हणजे काय, हे मी तिला असं सांगितलं होतं: करंट हा घर चुकलेल्या माणसासारखा असतो. त्याला जमिनीत उतरायचं असतं. आपण त्याच्यासाठी तांब्याची एक वाट करून ठेवतो. ती वाट नसली तर तो थांबून राहतो, आणि जो पहिला हात लावेल त्याच्या अंगातून उतरतो. तिला ते लगेच कळलं. पण एकदा मोबाईल वाजल्यावर तिने विचारलं, “आजोबा, ही माणसं वाजायच्या आधी कुठे असतात गं?” मुलींशी बोलताना लागलेली सवय तिला, मलाही ‘गं’ म्हणते. मी तिला पुन्हा अर्थिंगच समजावून सांगितलं.

नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“आलात का?” म्हाताऱ्या बाईचा आवाज.

“बाई, मी वायरमन बोलतोय. तुमची चौकशी—”

“हो हो, ओळखला आवाज. किती वर्षांनी! मिस्त्री, नळाला मुंग्या येतात. गिझर चालू असला तरी येतात, बंद केला तरी येतात. शनिवारी माझी भाची येतेय जर्मनीहून, पाच महिन्यांचं बाळ घेऊन. बाळाला आंघोळ कशी घालू?”

“बाळाला नका घालू,” मी म्हणालो. “तुम्हीसुद्धा नळाला हात लावू नका. मी निघालोच.”

आमच्याकडे आंघोळीच्या आधी गिझर बंद करायचा, हे मूल बोलायला शिकण्याआधी शिकतं. मीटरच्या खोक्यात वेगळं मोठं बटण असतं, त्यावर लाल दिवा असतो. घराघरातून आया ओरडतात, “गिझर बंद केलास का रे?” आणि न्हाणीघरातून उत्तर येतं, “केला!” मेलेल्या आयांचे आवाजसुद्धा त्या वाक्यात शिल्लक असतात. माझी आई जाऊन बावीस वर्षं झाली, पण अंगावर पाणी घेण्याआधी मी अजून मनात ‘केला’ म्हणतो. पण बंद केल्यावरही मुंग्या येतात म्हणजे काय? गाडी चालवताना मी हाच विचार करत होतो. उत्तरेचा वारा सुटला होता आणि बाल्कन्यांतले कापडी पडदे फडफडत होते. पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या इमारती सगळ्या एकाच हाताने काढल्यासारख्या आहेत: पाच मजले, अरुंद लिफ्ट, जिन्यात तळलेल्या कांद्याचा वास. मी या गल्लीत कधी काम केलं नव्हतं, याची मला खात्री होती. तरी इमारतीचा क्रमांक बघायला मला मान वर करावी लागली नाही.

एव्दोकियाबाई दारातच उभी होती. ठेंगणी, काळ्या कपड्यांतली, ऐंशीच्या आसपासची बाई. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. “केस गेले तेवढे. बाकी तेच.”

“बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. मी इथे पहिल्यांदा येतोय.”

“मिस्त्री, म्हातारी आहे, वेडी नाही. इथे बसला होतात. या खुर्चीत. आंबट चेरीचा मुरंबा दिला होता, एक चमचा खाल्लात आणि दुसरा ‘नको, दात’ म्हणालात.”

माझे डावीकडचे दात दुखतात. पण या वयात कुणाचे दुखत नाहीत? मी हसून पेटी खाली ठेवली. घराची मांडणी मला विचारावी लागली नाही, पण त्या इमारतींत सगळी घरं सारखीच असतात: उजवीकडे स्वयंपाकघर, बोळाच्या शेवटी न्हाणीघर, बोळात मीटरचं खोकं. खोकं उघडण्याआधी मी मनगटावरचं घड्याळ काढतो. माझे गुरू प्रोद्रोमोस यांनी चाळीस वर्षांपूर्वी लावलेली ही सवय आहे: हातात धातू नको. मी पट्ट्याला बोट लावलं इतक्यात बाई मागून म्हणाली, “मेजावर नको, पडेल. दाराच्या कडीला अडकवा. तेव्हा तिथेच अडकवलं होतंत.”

मी नेहमी कडीलाच अडकवतो. घरात लहान मुलं असतात, मेजावर हात जातात त्यांचे, म्हणून.

मानेवर कुणीतरी थंड तळवा ठेवल्यासारखं वाटलं. आणि मग एक विचित्र गोष्ट घडू लागली. मला आठवू लागलं. खुर्चीची वेताची बैठक मांड्यांना टोचते, ते आठवलं. खिडकीतून दुपारचं तिरकं ऊन आलं होतं, बशीतला चमचा चिकट होता, आतल्या खोलीत कुणी पुरुष खोकत होता. एकेक वस्तू अंधारातून वर येत होती, ओली आणि स्पष्ट. मला हे कळत होतं की बाई सांगतेय म्हणून हे उगवतंय. आणि हेही कळत होतं की तिने उन्हाचं काही सांगितलेलं नाही. साठी उलटल्यावर माणसाला आपल्या विसरण्याची भीती वाटते. न घडलेलं आठवण्याची भीती असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी खोकं उघडलं. कामात डोकं घातलं की भुतं जातात, असं प्रोद्रोमोस म्हणायचे. आत करंट भलतीकडे गळायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडणारं बटण असायला हवं. ते नव्हतं. अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर होती, पण मी ती ओढली तर ती हातातच आली. वीतभर तुकडा, मागे भिंत. दिसायला वायर, जायला वाट नाही. मग गिझरचं बटण. ते मी बंद केलं. लाल दिवा विझला. टेस्टर लावला, आणि टेस्टर पेटला. पुन्हा लावला, पुन्हा पेटला. बटण चुकीची वायर तोडत होतं. दिवा विझायचा आणि करंट तसाच वर, गिझरमध्ये, पाण्याशेजारी बसून राहायचा. ज्या कुणी दोन मिनिटं इथे उभं राहून टेस्टर लावला असता त्याला हे दिसलं असतं.

“कुठल्या गाढवाने हे पास केलं?” मी ओरडलो.

“असं का बोलता?” बाईच्या आवाजात दुखावल्याची छटा होती. “तुम्हीच तर.” तिने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

घराची वायरिंग ठीक आहे असं परवानाधारक वायरमनने लिहून दिल्याशिवाय वीज कंपनी मीटर नव्या नावावर करत नाही. तो तसला कागद होता. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. माझा शिक्का. माझी सही, ‘अनेस्तिस’मधला शेवटचा फटकारा कागदाबाहेर जाणारा. खाली घराचा नकाशा माझ्या हातचा: उजवीकडे स्वयंपाकघर, बोळाच्या शेवटी न्हाणीघर. अर्थिंगचं माप, जे जितकं कमी तितकं चांगलं: शून्य पूर्णांक नऊ.

आता जे आठवलं ते उगवलं नाही, ते कोसळलं. अड्ड्यावरची संध्याकाळ, सोंगट्यांचा डाव, माझे फासे चांगले पडत होते. थ्रासोस एका सडपातळ माणसाला घेऊन आला. “अनेस्तिस, हा लाझारोस, माझ्या टपरीचं जुनं गिऱ्हाईक. मेव्हण्याचं घर मिळालंय, वीज कंपनी अडवून बसलीय. सोय कर याची.” आम्ही याला ‘सोय करणं’ म्हणायचो. खोटं कुणी म्हणत नसे. “घर कसं आहे?” मी विचारलं. “सोन्यासारखं,” लाझारोस म्हणाला. “पण माझी बायको घाबरट आहे, ती विचारेल वायरमन आला होता का.” “सांगा आला होता म्हणून,” मी म्हणालो आणि सगळे हसले. मी फासे बाजूला सारले आणि मनातलं एक घर कागदावर काढलं. माप लिहायची जागा आली तेव्हा ‘शून्य पूर्णांक नऊ’ हा आकडा मला सुंदर वाटला. एकही पायरी चढलो नाही. मी त्या संध्याकाळी जे घर कल्पनेने काढलं होतं, त्यात आता उभा होतो, आणि त्यात राहणारी बाई मी आल्याचं सांगत होती.

“लाझारोस कुठे आहेत?” मी विचारलं.

“चार वर्षं झाली.” तिने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. “आंघोळीला गेले. मी इथूनच ओरडले, गिझर बंद केला का? केला म्हणाले. मग बराच वेळ पाणीच वाजत राहिलं. हात नळावर होता. हृदय, म्हणाले डॉक्टर. पोलीसही आले होते, दिवा बघितला त्यांनी, विझलेला होता. हा कागदही दाखवला मी. वायरमन स्वतः येऊन गेलेत म्हटलं, माझ्या हातचं खाऊन गेलेत. मग त्यांनी काही विचारलं नाही.” तिने कागद मेजावर ठेवला. “त्यानंतर मी गिझर लावलाच नाही, काल बाळासाठी लावून पाहिला तेवढाच. शेगडीवर पाणी तापवते. मुंग्या तरी यायच्या अधूनमधून. म्हाताऱ्या हातांना येतातच, म्हटलं.”

तिचा फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं आणि म्हणाली, “नको बाबा, आमचे मिस्त्री आलेत.” ठेवला. “सकाळपासून तिसरा. भाचीने तिकडून कुठेतरी लिहिलं. मी म्हटलं, मला तेच हवेत, मागचे. ती म्हणाली, मावशी, तिथे सगळे असतात. आणि बघा, तुम्हीच आलात की. चांगली सोय आहे हो.”

खरंच, सोय चांगली होती. एक्केचाळीस वेळा तिने मला भलत्यांकडे पाठवलं होतं, आणि बेचाळिसाव्या वेळी जे दार मी स्वतः अकरा वर्षांपूर्वी चुकवलं होतं, ते नऊ युरोंना मला आणून दिलं होतं. किती सोपं होतं आता! पेटीत वायर होती, बटण गाडीत होतं. संध्याकाळपर्यंत घर नीट झालं असतं, नव्या तारखेचा नवा कागद झाला असता, जुना मी ‘आता लागत नाही’ म्हणून खिशात घातला असता. बाळ शनिवारी कोमट पाण्यात बसलं असतं. आणि मी इथे आलो होतो, याची साक्षीदार समोर उभी होती. तिच्याजवळ मुरंबा होता, दात होता, घड्याळ होतं. माझ्याजवळ माझ्याविरुद्ध सांगायला कोण होतं? फक्त मीच. आणि तोही मिनिटामिनिटाला कमी कमी खात्रीचा. मी आलो असेन तर? आलो असेन, हे सगळं पाहिलं असेल, आणि तरी सही केली असेल? न येता सही करणारा माणूस मी ओळखत होतो. हा दुसरा, मुरंबा खाऊन, उन्हात बसून, ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारा, तो कोण होता? त्याने माझे दात घेतले होते. ‘तुम्ही आला होतात’ हे तिचं वाक्य मला वाचवत होतं आणि त्याच वेळी कुठेतरी बुडवत होतं.

दारावरची घंटी वाजली.

“आणखी एक!” बाई हसली. “सांगा त्याला, मिस्त्री, आमच्याकडे माणूस आहे म्हणून.”

दारात तिशीचा एक वायरमन उभा होता, धापा टाकत, खांद्यावर पेटी. छातीवर नाव शिवलेलं: योर्दानिस. माझ्या कमरेचा टेस्टर पाहून त्याचा चेहरा पडला. “गेले माझे नऊ युरो,” तो म्हणाला. “काका, तुम्ही राहता कुठे, लिफ्टमध्ये? फोन उचलत नव्हत्या म्हणून मी सरळ धावत आलो. लिफ्टही बंद तुमची.” आणि वळायला लागला. त्याला जाऊ द्यायला मला काहीच करावं लागत नव्हतं. दार लोटलं की पुरे होतं. माझा हात दारावर होताही.

“आत ये,” मी म्हणालो. “तुझं माप घेणारं यंत्र आणलंयस ना? अर्थिंग मोज. गिझरचं बटण बघ. जे दिसेल ते लिही, आणि खाली तुझी सही कर.”

“तुम्ही असताना मी?”

“मी असताना तूच.”

त्याने खांदे उडवले. माझ्याकडे न बघता त्याने खोक्यात डोकं घातलं. यंत्राचा आकडा वर वर चढला आणि मग आकडाच राहिला नाही, नुसती आडवी रेघ. त्याने बटण बंद केलं, टेस्टर लावला, आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला. मेजावरचा कागद उचलून वाचला. “शून्य पूर्णांक नऊ,” तो पुटपुटला. “देवाशप्पथ, ज्याने हे लिहिलं तो या घरात पाऊल टाकून गेलेला नाही.”

“गेलेत की!” बाई ताडकन म्हणाली. “जीभ सांभाळ, पोरा. हे काय, समोर उभे आहेत ते. तेव्हा त्या खुर्चीत बसले होते.”

योर्दानिसने कागदावरची सही पाहिली, मग मला पाहिलं. पोरगा चांगला होता. त्याने नजर खाली केली.

“नाही, बाई,” मी म्हणालो. माझा आवाज मला लांबून, जिन्यातून आल्यासारखा वाटला. “मी आलो नव्हतो. अड्ड्यावर बसून सही केली. तुमचं घर मी आज पहिल्यांदा बघतोय. हे लिहून देईन मी, पोलिसांना, परवाना देणाऱ्यांना, तुम्ही म्हणाल त्यांना.”

वाऱ्याने बाल्कनीतला पडदा आपटला. मला वाटलं ती आता ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

“तुम्ही आला असतात,” तिने हळूच विचारलं, “तर लाझारोस?”

“माहीत नाही, बाई. बहुतेक असते.”

तिने मान हलवली, एखाद्या मुलाने अवघड गणिताचं उत्तर बरोबर सांगितल्यावर हलवावी तशी. हाताला न लागलेली घाण पुसावी तसे दोन्ही हात काळ्या कपड्याला पुसले. बोळात योर्दानिसने मेन स्विच खाली ओढला. फ्रिजचा आवाज बंद पडला आणि घर एकदम खूप मोठं वाटू लागलं.

“पण ते मिस्त्री आले होते,” एव्दोकियाबाई म्हणाली. तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे होती. “ते म्हणाले होते, काही वाटलं तर बोलवा, मी परत येईन. म्हणून तर लिहायला सांगितलं ना भाचीला.” तिने वेताची खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर ठेवली. “बसा तुम्ही. येतीलच ते.”

मी बसलो. बैठक मांड्यांना टोचली. अंधाऱ्या बोळातून योर्दानिसने विचारलं, “काका, आणखी कुणी यायचंय का?” आणि ‘नाही’ म्हणायला माझं तोंड उघडेना.